गाळ शेतात, विष पाण्यात नको

दूधगंगेच्या खोऱ्यातल्या बोरगावपासून इचलकरंजी हाकेच्या अंतरावर. 2012 साली तिथे काविळीची साथ आली, माणसं दगावली. पंचगंगेत मिसळणाऱ्या मैलापाण्याचा विषय तेव्हा घराघरांत पोचला. नदीला राज्याची हद्द कळत नाही, म्हणून हा प्रश्न महाराष्ट्र-कर्नाटक सीमेच्या दोन्ही बाजूंचा आहे.

मैलापाण्यातून उरणाऱ्या गाळात नत्र आणि स्फुरद असतं. ऊसवाल्याला ते हवंच, आणि आम्ही या गाळाच्या विरोधात नाही. पण कच्च्या गाळात जंत आणि रोगजंतू असतात. शहराच्या गटारात कारखान्यांचं पाणी शिरलं तर कॅडमियम, शिसंही. नीट कुजवल्याने बहुतेक जंतू मरतात, धातू मात्र जमिनीतच राहतात. त्यासाठी आधी तपासणीच हवी. युरोपात 1986 पासून नियम आहे: कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांच्या जमिनीत काढणीआधी दहा महिने गाळ टाकायचा नाही.

आपल्याकडे सेप्टिक टँक उपसणारा टँकर रात्री ओढ्याकाठी रिकामा होतो, हे खपवून घेऊ नये. ऐन पावसाळ्यात टाकलेला गाळ वाहून जातो, नत्र नायट्रेट होऊन विहिरीत झिरपतं. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे. ग्रामपंचायतीने पावसाआधी आणि नंतर विहिरींचं पाणी तपासून आकडे चावडीवर लावावेत.