‘स्लूथ’चा माग आणि ‘ओळखले’चा प्रमाद

हा लेख मी गौतमपुऱ्याहून लिहीत आहे. होळकरांच्या गौतमाबाईंचे नाव धारण करणारे इंदूर जिल्ह्यातील हे गाव दिवाळीनंतरच्या हिंगोट युद्धासाठी प्रसिद्ध आहे. त्यात गौतमपुऱ्याचा पक्ष ‘तुर्रा’ आणि शेजारच्या रुणजीचा ‘कलंगी’. आपल्याकडे कलगी-तुरा म्हटले की शाहिरांचा सवाल-जवाब आठवतो. येथे त्याच नावांचे दोन पक्ष पेटती हिंगोटे एकमेकांवर फेकतात. सीमा ओलांडून गेलेल्या शब्दाचा अर्थ वापरातच पाहावा लागतो, हे सीमाबांधवांना वेगळे सांगायला नको. आज अशाच एका शब्दाविषयी तक्रार मांडायची आहे, आणि ती केवळ कोशाची तक्रार नाही.

इंग्रजी वृत्तपत्रे तपास अधिकाऱ्यांना सर्रास ‘स्लूथ’ म्हणतात. हा शब्द मुळात माणसाचा नाही, कुत्र्याचाही नाही. जुन्या नॉर्स भाषेत ‘स्लोद’ म्हणजे माग, पाऊलखूण. त्या मागावर जाणारा तो ‘स्लूथ-हाउंड’. चौदाव्या शतकातील स्कॉटिश कवी जॉन बार्बर याच्या काव्यात रॉबर्ट ब्रूसच्या पाठलागावर असाच कुत्रा सोडलेला आहे. पुढे एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत ‘हाउंड’ गळून पडला, ‘स्लूथ’ उरला आणि तो गुप्तहेराला चिकटला. म्हणजे आधी खूण, मग कुत्रा, शेवटी माणूस असा हा प्रवास.

आता आपल्या ‘माग’ या शब्दाकडे पाहा. तो संस्कृत ‘मार्ग’चा तद्भव. आणि ‘मार्ग’चे नाते ‘मृग’ या शब्दाशी. मूळ अर्थ श्वापदाची वाट, तिचा शोध. ‘स्लूथ’मध्ये जे आहे ते सर्व ‘माग’मध्ये आहे. माग लागणे, माग काढणे, माग हरवणे, मागमूस नसणे, एवढा संसार या एका शब्दाने मांडलेला आहे. अमरकोशात कुत्र्याच्या पर्यायांत ‘मृगदंशक’ आहे, शिकारीत कुशल कुत्र्यासाठी ‘विश्वकद्रु’ असा स्वतंत्र शब्द आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात पणींनी लपविलेल्या गाईंचा शोध घेत गेलेली सरमा ही तर देवांची शुनीच. ज्या परंपरेत हे सारे आहे, तिच्या वारसांनी ‘स्निफर डॉग’ आणि ‘ट्रॅकर डॉग’ यांवाचून अडून बसावे?

‘ब्लडहाउंड’ची दशा याहून वाईट. त्यातील ‘ब्लड’ म्हणजे शुद्ध रक्ताचा, की जखमी सावजाच्या रक्ताच्या वासावर जाणारा, याबद्दल मतभेद आहेत. पण तो रक्ताला चटावलेला, असा अर्थ कोणी जाणकार करत नाही. आपल्याकडे मात्र ‘रक्तपिपासू कुत्रा’ असे भाषांतर करून मोकळे होतात. तसाच घोळ मुधोळच्या कुत्र्याचा. घोरपड्यांच्या संस्थानातील हा कारवानी कुत्रा नजरेने शिकार करणारा. ‘हाउंड’ हे शेपूट लागताच तो वासावर माग काढणारा ठरतो. एकाच इंग्रजी शब्दाखाली नाक आणि डोळा यांतील भेद पुसला जातो.

कोणी म्हणेल, वकीलसाहेब, कुत्र्याला काय म्हणतात याने काय बिघडते? बिघडते. माझ्या एका अशिलाविरुद्धच्या पंचनाम्यात वाक्य होते : ‘श्वानाने आरोपीस ओळखले.’ उलटतपासणीत हस्तकाने सांगितले की कुत्रा चहाच्या दुकानासमोरील बाकापाशी जाऊन थांबला. बाकावर तिघे बसले होते. मग ओळखले कोणी? ‘ओळखणे’ हे साक्षीदाराचे क्रियापद आहे. ज्याने आधी पाहिले तो ओळखतो. कुत्रा माग काढतो, कुठेतरी थांबतो. त्या थांबण्याचा अर्थ माणूस लावतो. एका क्रियापदाने माणसाचा तर्क कुत्र्याची साक्ष होऊन बसला, आणि माझा अशील गावात खटल्याआधीच गुन्हेगार ठरला.

सर्वोच्च न्यायालयाची भूमिका याबाबत जुनी आहे. अब्दुल रझाक मुर्तझा दफेदार विरुद्ध महाराष्ट्र राज्य (ए. आय. आर. १९७०) या निकालात नेहमीच्या आक्षेपांचा परामर्श आहे : कुत्रा शपथेवर बोलू शकत नाही, म्हणून त्याच्या वतीने हस्तक बोलतो, आणि माणसाचे प्राण व स्वातंत्र्य कुत्र्याच्या अनुमानावर टांगू नये. अशी साक्ष ग्राह्य मानली तरी तिला फारसे वजन नाही, असा निष्कर्ष निघाला. २००१ च्या गडे लक्ष्मी मंगराजू प्रकरणातही तिच्या उणिवा दाखविल्या गेल्या. तपासाला दिशा देण्यापुरता कुत्रा उपयोगी. दोष सिद्ध करण्यास अपुरा. न्यायालयाने जो भेद जपला, तो आपली कागदपत्रांची मराठी एका शब्दात गमावते.

सीमाभागात हे दुपटीने बोचते. तेथील मराठी माणसाच्या हाती कागद कन्नडमध्ये येतो. त्याचा अर्थ त्याला कोणीतरी घाईत मराठीत सांगतो. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २७९ ने आरोपीला न कळणाऱ्या भाषेतील साक्ष भर न्यायालयात त्याच्या भाषेत समजावून देणे बंधनकारक केले होते. पण समजावणाऱ्याच्या तोंडी ‘ओळखले’ हाच शब्द असेल, तर या हक्काचा उपयोग काय? मातृभाषेचा हक्क मागायचा तर तिच्यात नेमके बोलण्याची जबाबदारीही आपलीच.

म्हणून मागणी साधी आहे. ‘माग काढणारा कुत्रा’ म्हणा. ‘श्वान’ म्हणून त्याला प्रतिष्ठा देण्याची आणि ‘ओळखले’ म्हणून त्याला साक्षीदार करण्याची गरज नाही. पंचनाम्यात लिहा : कुत्र्याला अमुक वस्तूचा वास दिला, तो अमुक ठिकाणापासून अमुक ठिकाणापर्यंत गेला, तेथे थांबला, तेथे एवढी माणसे होती. बांधवांनो, तुमच्या हाती असा कागद आला तर क्रियापदावर बोट ठेवा आणि विचारा : माग काढला, की ओळखले?