लॅपटॉप आपला, मग मालकी कुणाची?

१४ ऑक्टोबर ही तारीख आपल्याला कुणी सांगायची गरज नाही. पण २०२५ च्या १४ ऑक्टोबरला आणखी एक गोष्ट घडली आणि तिच्यावर आपल्या चळवळीत कुणी चार ओळी लिहिल्याचं माझ्या पाहण्यात नाही. त्या दिवशी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा पाठिंबा थांबवला. सुरक्षेच्या नेहमीच्या दुरुस्त्या बंद. ज्यांना हव्यात त्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत एक वर्षाची मुदतवाढ, तीही मायक्रोसॉफ्टचं खातं काढून त्यांच्याकडे नाव नोंदवलं तर. पुढे जायचं तर विंडोज ११ घ्या. आणि विंडोज ११ साठी टीपीएम २.० नावाची चिप हवी, प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा हवा. म्हणजे २०१७ च्या आधीचे बहुतेक लॅपटॉप, कितीही धडधाकट असोत, रांगेच्या बाहेर.

हे मोबाईलवर बातमी म्हणून वाचलं तर 'बरं' म्हणून पुढे जाता येतं. नेरूळ, शिरवणे, तुर्भे या पट्ट्यात राहिलं की पुढे जाता येत नाही. आपल्या पोरांच्या हातातले लॅपटॉप शोरूममधून आलेले नसतात. ऐरोली-महापेच्या ऑफिसांमधून काढलेलं सामान व्यापाऱ्यांकडे जातं, तिथून दहा-पंधरा हजारांत आपल्या घरी येतं. आईच्या बिशीचे पैसे त्यात असतात, कधी मामाचे. आमच्या अभ्यासिकेत येणाऱ्या एका बीएस्सीच्या मुलीला दुकानदाराने सांगितलं, "हा आता डेड झाला, अकरा बसत नाही यावर, एक्स्चेंजला टाक." त्या लॅपटॉपचा कीबोर्ड ठणठणीत, स्क्रीन ठणठणीत. फक्त आत एक साधी हार्डडिस्क रडतखडत फिरत होती. ती काढून एसएसडी लावली, लिनक्स मिंट टाकलं. ती त्याच लॅपटॉपवर आज प्रोजेक्ट लिहिते आहे.

पण माझा मुद्दा लॅपटॉप दुरुस्तीचा नाही. एक कंपनी अमेरिकेत बसून एक तारीख ठरवते आणि त्या तारखेला माझ्या वस्तीतल्या पोरीची कष्टाच्या पैशाची वस्तू भंगार ठरते, हे आपण इतकं निमूट का मान्य करतो, हा माझा प्रश्न आहे. बाकी सगळ्या मक्तेदाऱ्यांवर आपण सभा घेतो.

समाजशास्त्र शिकताना एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. वर्चस्व टिकतं ते नुसत्या सक्तीने नाही, 'दुसरं काही असतंच कुठे' या समजुतीने. आपल्याकडे संगणक म्हणजे विंडोज ही समजूत अशीच रुजवली गेली. एमएस-सीआयटी घ्या. शासकीय नोकरीला हे किंवा समकक्ष प्रमाणपत्र लागतं म्हणून २००१ नंतरच्या दोन पिढ्या फी भरून त्या वर्गांत बसल्या. नावातलं 'एमएस' म्हणजे महाराष्ट्र स्टेट. वर्गात मात्र पोरांना ते दुसरंच 'एमएस' वाटायचं आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती. शिकायचं होतं विंडोज आणि मायक्रोसॉफ्ट ऑफिसच. राज्य सरकारने आपल्या खिशातून फी घेऊन एका खासगी कंपनीला तयार ग्राहक घडवून दिले. यात कुणाला कटकारस्थान दिसत नसेल तर मलाही दिसत नाही. कट करायची गरजच पडली नाही.

दुसरं काही होतं का? होतं, आणि अगदी आपल्या हार्बर लाइनवर होतं. सीडॅकने 'बॉस' ही भारतीय भाषांसाठीची लिनक्सवर आधारलेली सिस्टिम २००७ मध्ये बाहेर काढली. काम मुख्यतः चेन्नईचं, पण सीडॅकचं मुंबई केंद्र खारघर स्टेशनसमोर आहे, नेरूळपासून तिसरं स्टेशन. उलट्या दिशेला चौथं स्टेशन मानखुर्द. तिथल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात नागार्जुन जी. यांच्यासारखी माणसं वर्षानुवर्षं मुक्त सॉफ्टवेअरवर काम करत आली. कर्जत तालुक्यातल्या खैराट धनगरवाड्यावर, एकशिक्षकी शाळेत, २००७ मध्ये 'प्रत्येक मुलामागे एक लॅपटॉप' या जागतिक प्रकल्पाचे हिरवे-पांढरे लॅपटॉप आले होते. त्यातही लिनक्सच होतं. धनगरवाड्यावरच्या पोरांनी ते हाताळलं, आणि इकडे आपले पदवीधर म्हणतात, "सर, लिनक्स फार अवघड असतं."

केंद्र सरकारने २०१५ मध्ये शासकीय कामात ओपन सोर्सला प्राधान्य द्यायचं धोरण काढलं. कागद आहे. आपल्या माणसाला अशा कागदांचा इतिहास माहीत असतो. सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने ऑगस्ट १९२३ मध्ये मंजूर केला, महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळं खुलं असल्याचा ठराव केला, आणि तरी २० मार्च १९२७ पर्यंत त्या पाण्याला आपला हात लागला नाही. ठरावाने तळं खुलं होत नाही. मला ही तुलना ताणायची नाही. लिनक्स टाकलं म्हणून कुणी डोकी फोडत नाही, आणि महाडच्या लोकांनी जे सोसलं त्याच्याशी पेनड्राइव्ह लावण्याची बरोबरी करणं हा त्यांचा अपमान आहे. पण एवढं त्यातून घ्यायला हरकत नाही की हक्क कागदावर पडून असतो तेव्हा तो वापरणाऱ्यांनीच जाऊन वापरावा लागतो.

केरळने वापरला. तिथे शाळांच्या संगणक अभ्यासक्रमात एकाच कंपनीचं सॉफ्टवेअर शिकवायला शिक्षक संघटनांनी विरोध केला, चळवळीचा रेटा लागला, आणि आज तिथल्या सरकारी शाळा 'काइट' या शासकीय संस्थेने तयार केलेल्या लिनक्सवर चालतात. तिथली पोरं नोकऱ्यांवाचून राहिली नाहीत.

आता आपल्याच लोकांचे आक्षेप. पहिला, "क्रॅक मारलेलं विंडोज फुकटच आहे की." मी हा आक्षेप सगळ्यात जास्त ऐकतो, बहुतेक वेळा हसत सांगितलेला. खरा परवाना हजारोंत जातो म्हणून दुकानदार ॲक्टिव्हेटर चालवून देतो. तो ॲक्टिव्हेटर कुणी बनवला, त्यात आणखी काय भरलंय, कुणाला माहीत नसतं. चालवताना अँटिव्हायरस आधी बंद करायला सांगतात यावरूनच काय ते समजा. आणि आपण रोज पंचशील घेतो. न दिलेलं न घेण्याचं शील सॉफ्टवेअरला लागू नाही असं कुणी ठरवलं? इकडे लिनक्सवाले तर म्हणताहेत घ्या, वापरा, वाचा, बदला, वाटा. परवान्यात लिहून दिलंय. दिलेलं सोडून न दिलेलं घ्यायचं, याला मी क्रांती म्हणणार नाही.

दुसरा आक्षेप गंभीर आहे: "ओपन सोर्स म्हणजे आयआयटीतल्या सवर्ण पोरांची हौस." मेळाव्यांना गेलो आहे, आडनावं ऐकली आहेत. आक्षेप खोटा नाही. रात्र-रात्र बसून फुकट कोड लिहायला घरात वेगळी खोली, चांगलं इंटरनेट आणि भाड्याची चिंता नसलेलं डोकं लागतं. बोर्द्यू ज्याला सांस्कृतिक भांडवल म्हणतो ते हेच. इंग्रजी मॅन्युअलांची भिंत वेगळी. पण मग निष्कर्ष काय काढायचा? विद्यापीठांतही सुरुवातीला तीच आडनावं होती, म्हणून बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, शिक्षणाला पाठ दाखवली नाही. बंद सॉफ्टवेअरच्या आत काय चाललंय हे वाचायला मनाई आहे. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये वाचायला कुणाची परवानगी लागत नाही, ना जात सांगावी लागत. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जीएनयूची घोषणा केली, लिनस टॉरव्हाल्ड्स या हेलसिंकीच्या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिनक्सचा गाभा लिहिला. त्यांना कुणी महापुरुष करून भिंतीवर लावू नये, आपल्याकडे फोटो पुरेसे आहेत. त्यांनी केलेलं काम मात्र घ्यावं. ज्ञानबंदी सोसलेल्या समाजाला 'आत बघू नका' हा परवाना इतका सहज का पटतो, यावर खरं तर कुणीतरी पीएचडी करायला हवी.

तिसरा, नोकरीचा. एक्सेल लागतं, टॅली लागतं. लागतं, मान्य. टॅली लिनक्सवर सरळ चालत नाही, हे लपवण्यात अर्थ नाही. ज्याची रोजीरोटी टॅलीवर आहे त्याने विंडोज ठेवावं, किंवा एकाच मशीनवर दोन्ही ठेवावीत. सुरू करताना विचारतं कोणतं हवं. लिब्रेऑफिसच्या कॅल्कमध्ये सूत्रं शिकलेल्या पोराला एक्सेल समोर ठेवलं तर आठवडा लागतो. महाडीबीटीचा शिष्यवृत्तीचा अर्ज, एमपीएससीचा अर्ज, बँक, यूट्यूबवरची लेक्चरं हे सगळं ब्राउझरमध्ये आहे आणि फायरफॉक्स इथेही आहे. तुमच्या खिशातला अँड्रॉइड फोन लिनक्सच्याच गाभ्यावर चालतो. जगातले पहिले पाचशे महासंगणक २०१७ पासून सगळेच्या सगळे लिनक्सवर आहेत. सर्व्हरच्या, क्लाउडच्या ज्या नोकऱ्यांकडे महापेकडे बघत आपण उसासे टाकतो, त्या नोकऱ्यांत लिनक्स हे रोजचं हत्यार आहे.

आता जो मुद्दा कार्यकर्त्यांनी नीट वाचावा असं मला वाटतं तो. भीमा-कोरेगाव प्रकरणातले अनेक आरोपी ज्या तळोजा कारागृहात होते, ते आपल्याच शहराच्या कडेला आहे. अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंग या न्यायवैद्यक कंपनीचा अहवाल फेब्रुवारी २०२१ मध्ये बाहेर आला. रोना विल्सन यांच्या लॅपटॉपमध्ये नेटवायर हा मालवेअर घुसवून बावीस महिने बाहेरून ताबा ठेवला गेला आणि आरोपाचा आधार असलेली पत्रं त्यात पेरली गेली, असं तो म्हणतो. त्याच वर्षी नागपूरचे वकील सुरेंद्र गडलिंग यांच्या संगणकाबद्दलही तशाच आशयाचा अहवाल आला. तपास यंत्रणेला हे मान्य नाही, त्यामुळे निवाडा न्यायालय करेल. पण माणसाच्या नकळत त्याच्या लॅपटॉपमध्ये काय काय होऊ शकतं हे कळायला तो अहवाल पुरेसा आहे.

म्हणून लिनक्स टाकलं की सुरक्षित झालो, असं मी म्हणतो का? अजिबात नाही. नेटवायरची लिनक्सवर चालणारी आवृत्तीही होती. अनोळखी मेलमधली फाइल उघडणारा माणूस कुठल्याही सिस्टिमवर उघडाच असतो. पण दुरुस्त्या बंद झालेलं, क्रॅक मारलेलं, अँटिव्हायरस बंद करून सुरू केलेलं विंडोज घेऊन ॲट्रॉसिटीच्या केसेसची कागदपत्रं, पीडितांचे पत्ते, साक्षीदारांचे फोन नंबर सांभाळणं हा ज्यांचे पत्ते आहेत त्यांच्याशी केलेला निष्काळजीपणा आहे. लिनक्समध्ये दुरुस्त्या फुकट येत राहतात, आणि टाकतानाच पूर्ण डिस्क कुलूपबंद करायचा पर्याय मिळतो. लॅपटॉप लोकलमध्ये विसरला तरी आतली नावं उघडी पडत नाहीत.

आणि ज्यांना वाटतं की परवाना विकत घेतला म्हणजे मालक झालो, त्यांनी जुलै २०२५ मधलं नायरा एनर्जीचं प्रकरण बघावं. वाडिनारला प्रचंड रिफायनरी चालवणारी कंपनी. युरोपीय संघाने निर्बंध लावले आणि मायक्रोसॉफ्टने तिची ईमेल वगैरे सेवा थांबवली. पैसे भरलेले होते. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, मग सेवा परत सुरू झाली. तिच्याकडे वकिलांची फौज होती. आपल्या महिला मंडळाकडे, बचत गटाकडे, वाचनालयाकडे काय आहे?

जयंती मंडळांना माझी मागणी साधी आहे. डीजेवर बोललं की भांडण होतं, म्हणून तो विषय ठेवतो बाजूला. १४ एप्रिलच्या आधीचा एक रविवार बुद्धविहारात जुने लॅपटॉप घेऊन बसा. बार्टीकडे मागणी करा की तिच्या प्रशिक्षणांत मुक्त सॉफ्टवेअर हा भाग असावा आणि मराठी टायपिंग युनिकोडमध्येच शिकवावं. आपल्या कितीतरी संस्थांचे अहवाल, स्मरणिका, जुनी पत्रकं श्रीलिपी नि कृतीदेवमध्ये अडकून पडली आहेत. तो फाँट नसलेल्या मशीनवर उघडली की नुसती अक्षरांची खिचडी दिसते. चळवळीचा दस्तऐवज असा हातातून जातो, आणि मग आपण म्हणतो इतिहास दुसऱ्यांनी पुसला.

रविवारी येताना काय आणायचं ते सांगतो. किमान आठ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह. फोटो, कागदपत्रं, प्रमाणपत्रांच्या स्कॅनचा बॅकअप दुसऱ्या डिस्कवर आधीच काढलेला. तिथे आल्यावर काढू म्हणू नका. विंडोजमध्ये बिटलॉकर चालू आहे का बघा, असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या, नाहीतर नंतर स्वतःचाच डेटा परका होतो. रॅम चार जीबी असेल तर मिंटची एक्सएफसीई आवृत्ती, आठ असेल तर सिनॅमन. पेनड्राइव्हवरून सुरू केल्यावर लगेच 'इन्स्टॉल' दाबू नका. काहीही न पुसता ते तसंच चालतं. अर्धा तास वाय-फाय, आवाज, कॅमेरा, मराठी कीबोर्ड, घरचा प्रिंटर तपासा. वाय-फाय पकडलं नाही तर मोबाईल यूएसबी केबलने जोडून त्याचं इंटरनेट घ्या आणि ड्रायव्हर शोधा. तरी जमलं नाही तर पेनड्राइव्ह काढून घ्या. लॅपटॉप होता तसाच आहे, पुढच्या रविवारी परत बघू.