विश्लेषण : व्यवस्थापनात संशोधनाधारित पदव्युत्तर पदवी घ्यावी का? कुणी?

एमबीए म्हटले की प्लेसमेंट आणि पॅकेज हे दोनच शब्द आठवतात. ‘मला एमबीए करून प्रबंध लिहायचा आहे’ असे एखाद्या मुलीने घरी सांगितले, तर पहिला प्रश्न येतो, ‘मग पगार कधीपासून?’ प्रश्न चुकीचा नाही. जुन्या आयआयएममधील दोन वर्षांचे शुल्क वीस लाखांच्या वर गेले आहे आणि कर्जाचा हप्ता प्रबंधाची वाट पाहत नाही. मात्र गेल्या काही वर्षांत नियम इतके बदलले आहेत की संशोधनाची वाट आता पूर्वीपेक्षा लवकर सुरू होते. त्या वाटेवर फसण्याच्या जागाही वाढल्या आहेत.

नेहमीच्या एमबीएत प्रकल्प असतोच की, मग फरक काय?

असतो. पहिल्या वर्षानंतरच्या सुटीत आठ-दहा आठवडे एखाद्या कंपनीत इंटर्नशिप आणि त्यावर एक अहवाल. यातले बरेच अहवाल कसे तयार होतात, हे एमबीए केलेल्या कुणालाही विचारा. ‘अमुक कंपनीतील ग्राहक समाधान : एक अभ्यास’ असे शीर्षक, शंभर मित्रांना पाठवलेला गुगल फॉर्म, रंगीत पाय चार्ट आणि ‘बहुसंख्य ग्राहक समाधानी आहेत’ हा निष्कर्ष. बाइंडिंग करून जमा केले की कपाटात.

संशोधनाधारित पदवीत प्रबंध हाच अभ्यासक्रमाचा कणा असतो. वर्गात शिकवले जाणारे विषय मोजके आणि तेही संशोधन पद्धती, संख्याशास्त्र, संस्थाविषयक सिद्धांत अशा अंगाने जाणारे. पुढचा काळ एका प्रश्नाच्या मागे. आयआयटी मद्रासच्या व्यवस्थापन विभागात एमबीए आणि पीएचडीबरोबर संशोधनाद्वारे एमएस अशी स्वतंत्र पदवी आहे. ऑस्ट्रेलियाच्या पात्रता आराखड्यात तर संशोधनाच्या पदव्युत्तर पदवीत किमान दोनतृतीयांश भाग संशोधन आणि त्याच्या प्रशिक्षणाचा असावा, असे लिहूनच ठेवले आहे. ‘आमच्या एमबीएत डेझर्टेशन आहे’ एवढ्याने ती पदवी संशोधनाधारित होत नाही.

व्यवस्थापनात संशोधन करण्यासारखे असते तरी काय?

उदाहरण घरचेच घेऊ. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ नुसार ऊस गाळपाला दिल्यापासून १४ दिवसांत शेतकऱ्याला पैसे मिळायला हवेत. उशीर झाल्यास १५ टक्के दराने व्याज. आता शेजारशेजारचे दोन सहकारी कारखाने घ्या. पाऊस तोच, उसाची जात तीच, साखरेचा बाजारभाव तोच. एक वेळेवर पैसे देतो, दुसऱ्याची देणी हंगाम संपला तरी थकलेली. का?

याचे ‘राजकारण’ हे उत्तर गावातल्या पारावर मिळते. संशोधकाला ते पुरत नाही. दोन्ही कारखान्यांचे दहा वर्षांचे वार्षिक अहवाल काढायचे. कर्ज कधी घेतले, विस्तार कधी केला, आसवनी आणि सहवीजनिर्मितीतून पैसा कधी येऊ लागला, साखर केव्हा विकली, कार्यकारी संचालक किती वेळा बदलले, याच्या नोंदी करायच्या. मग संचालकांच्या, शेती अधिकाऱ्यांच्या, सभासदांच्या मुलाखती. एवढे केल्यावर कदाचित कळेल की कारण राजकारण नव्हतेच, चुकीच्या वर्षी केलेला क्षमताविस्तार होता. किंवा पारावरचे उत्तरच खरे निघेल. पण तेव्हा त्याला पुरावा असेल.

महाराष्ट्रात अशा प्रश्नांना तोटा नाही. पतसंस्था का बुडतात, एमआयडीसीतले लघुउद्योग दुसऱ्या पिढीकडे जाताना का अडखळतात, बचत गटांचा माल प्रदर्शनाबाहेर का विकला जात नाही. तरीही ग्रंथालयात ‘ग्राहक समाधान’च जास्त सापडते, याचे वाईट वाटते.

नियमांत नेमके काय बदलले?

सर्वांत मोठा बदल म्हणजे एमफिल गेले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या पीएचडीविषयक २०२२ च्या नियमावलीने ही पदवी बंद केली. तरी काही विद्यापीठे प्रवेश देत असल्याचे दिसल्यावर डिसेंबर २०२३ मध्ये आयोगाला विद्यार्थ्यांना पुन्हा सावध करावे लागले. म्हणजे एमए-एमकॉम आणि पीएचडी यांच्यातली जुनी पायरी आता नाही.

तिची जागा पदव्युत्तर पदवीतच करण्याचा प्रयत्न आहे. आयोगाच्या २०२४ च्या पदव्युत्तर आराखड्यानुसार, तीन वर्षांच्या पदवीनंतर दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला आलेला विद्यार्थी दुसरे संपूर्ण वर्ष संशोधनाला देऊ शकतो. चार वर्षांची ऑनर्स पदवी असेल तर पदव्युत्तर शिक्षण एका वर्षाचे. हा आराखडा आहे, हमी नव्हे. व्यवस्थापन अभ्यासक्रमांवर एआयसीटीईचे नियमनही असते. त्यामुळे चौथे वर्ष केले म्हणून जवळच्या महाविद्यालयात एका वर्षात एमबीए मिळेलच, असे धरून चालू नये. विद्यापीठाचे नियम आधी वाचावेत.

थेट पीएचडीला जाता येते का?

चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के गुण असतील तर येते. पदव्युत्तर पदवीनंतर ५५ टक्के पुरतात. राखीव प्रवर्गांना ५ टक्के सवलत आहे. २०२४-२५ पासून पीएचडी प्रवेशासाठी नेटचे गुण वापरण्याची सोय झाली. ‘व्यवस्थापन’ हा नेटमध्ये स्वतंत्र विषय आहे. जेआरएफ मिळाली तर पहिली दोन वर्षे दरमहा ३७ हजार रुपये, त्यानंतर ४२ हजार. फक्त पीएचडीसाठी पात्र ठरलेल्यांना नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के भारांक असतो. हे गुण एकच वर्ष चालतात.

आयआयएम अहमदाबादचा डॉक्टरेट कार्यक्रम १९७१ पासून आहे. पूर्वी तिथून ‘फेलो’ ही उपाधी मिळे, कारण आयआयएमना पदवी देण्याचा अधिकारच नव्हता. २०१७ च्या आयआयएम कायद्याने तो मिळाला आणि फेलोची पीएचडी झाली. मग संशोधनाधारित पदव्युत्तर पदवी मध्ये कशाला? कारण पीएचडी चार-पाच वर्षे मागते. आपल्याला एकाच प्रश्नासोबत इतका काळ बसवते का, हे दीड-दोन वर्षांत कळून घेणे स्वस्त पडते.

प्राध्यापकीसाठी ही पदवी पुरेशी आहे का?

इथे अनेकांची गल्लत होते. एआयसीटीईच्या २०१९ च्या नियमांत व्यवस्थापनाच्या सहायक प्राध्यापकासाठी प्रथम श्रेणीतील पदव्युत्तर पदवी आणि त्यानंतर दोन वर्षांचा व्यावसायिक अनुभव मागितला आहे. प्रबंध कितीही उत्तम असला तरी तो या अनुभवाची जागा घेत नाही. म्हणून दोन वर्षे नोकरी आणि मग पीएचडी, हा क्रम बऱ्याच जणांना सोयीचा पडतो. नोकरीत प्रश्नही चांगले सुचतात.

परदेशी जाणाऱ्यांनी काय पाहावे?

ब्रिटनने जानेवारी २०२४ पासून सुरू होणाऱ्या अभ्यासक्रमांसाठी जोडीदार आणि मुलांना सोबत नेण्याची मुभा मुख्यतः पीएचडी व संशोधनाधारित उच्च पदव्यांपुरती ठेवली. त्यामुळे विवाहित अर्जदारांसाठी ‘रिसर्च’ या शब्दाला एकदम भाव आला. पण तिथल्या व्याख्येत संशोधनाचा भाग वर्गातल्या भागापेक्षा मोठा असावा लागतो. साधे एमबीए त्यात बसत नाही, मग एजंटाच्या माहितीपत्रकावर काहीही छापलेले असो. पैसे भरण्यापूर्वी विद्यापीठाकडूनच ईमेलवर लेखी उत्तर घ्यावे.

प्रवेशाआधी काय विचारावे?

मार्गदर्शक कोण, हा पहिला प्रश्न. संस्थेचे नाव त्यानंतर. त्यांच्याकडे सध्या किती विद्यार्थी आहेत, आधीच्यांना प्रत्यक्षात किती काळ लागला, हे त्या विद्यार्थ्यांनाच विचारता येते. पूर्ण झालेले पीएचडी प्रबंध ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर मोफत वाचता येतात; त्याच मार्गदर्शकाचे दोन प्रबंध उघडून पाहिले की कामाचा दर्जा तासाभरात कळतो.

उचलेगिरीचे नियमही वाचून ठेवावेत. २०१८ च्या नियमावलीनुसार १० टक्क्यांपर्यंतचे साम्य माफ आहे. १० ते ४० टक्क्यांत सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यावे लागते, ४० ते ६० टक्क्यांत वर्षभर थांबावे लागते आणि ६० टक्क्यांपुढे नोंदणीच रद्द होते. बाइंडिंगवाल्याकडे मागच्या वर्षीची फाइल तयार मिळते खरी, पण साम्य तपासणारी प्रणाली तीही वाचते.