आयातीने भाव पडला तर भरपाई कोणाकडे मागायची?

कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क केंद्राने १९ ऑगस्ट २०२५ पासून काढलं. आधी ३० सप्टेंबरपर्यंत म्हणाले, मग ३१ डिसेंबरपर्यंत वाढवलं. म्हणजे नेमका आपला कापूस घरात येतो तेवढा काळ. गिरणीवाल्यांना स्वस्त रुई पाहिजे होती. त्यांचंही अगदीच खोटं नाही, अमेरिकेने त्यांच्या मालावर जबर कर लावला होता. पण गिरणी वाचवायची तर कापूसवाल्याचं काय, हे कोणी विचारलंच नाही.

खुद्द अमेरिकेने हा प्रश्न १९६२ सालीच कायद्यात घातला होता, केनेडी अध्यक्ष असताना. बाहेरचा माल आला की सगळ्या देशाला स्वस्तात मिळतो, पण काम जातं एखाद्या गावातल्या कारखान्याचं. मग त्या गावाला देशाने सावरायचं. तीन कामगारांनी मिळून किंवा युनियनने अर्ज करायचा, काम आयातीमुळे गेलं का हे कामगार खात्याने तपासायचं. मंजूर झालं तर नवीन काम शिकायचा खर्च, शिकेपर्यंत दर आठवड्याला भत्ता. पुढे पन्नाशीच्या वरच्यांसाठी वेगळी सोय झाली. कमी पगाराची नोकरी धरली तर जुन्या-नव्या पगारातला निम्मा फरक दोन वर्षं सरकार द्यायचं.

कागदावर झकास. पण सुरुवातीच्या अटी अशा की १९६९ पर्यंत एकही अर्ज मंजूर झाला नाही! १९७४ ला त्या सैल केल्या. २००३ च्या जुलैत नॉर्थ कॅरोलिनातल्या कनॅपोलिसची पिलोटेक्स ही टॉवेल-चादरींची कंपनी बंद पडली. त्या राज्यातच चार हजारांवर लोक एका दिवसात घरी. मदत आली, वर्ग भरले. पण पोरवयात गिरणीत शिरलेला, शाळा अर्धवट सोडलेला माणूस पन्नाशीत कॉम्प्युटर शिकून कुठे जाणार? मी दहावी पास आहे. उद्या कापूस सोडून मोबाइल दुरुस्ती शिक म्हणाले तर मी तरी काय करणार? पुढे अभ्यासकांनी पाहिलं तर चिनी मालाचा मार बसलेल्या भागात या योजनेपेक्षा अपंगत्वाच्या पेन्शनवर सरकारचा खर्च जास्त वाढला होता. १ जुलै २०२२ पासून तर नवीन मंजुरीच बंद आहे, संसदेने मुदत वाढवली नाही.

आपल्या कामाची गोष्ट याच्या पोटात आहे. २००२ मध्ये त्यांनी शेतकऱ्यांसाठीही अशीच योजना काढली. मालाचा भाव मागच्या पाच वर्षांच्या सरासरीच्या ८० टक्क्यांवर किंवा त्याखाली आला आणि त्याला आयात हे मोठं कारण ठरलं, की ८० टक्क्यांचा भाव आणि चालू भाव यातला निम्मा फरक शेतकऱ्याला. वर्षाला जास्तीत जास्त १०,००० डॉलर. कोळंबीवाल्यांनी याचा फायदा घेतला. रक्कम फार नव्हती, अटीही होत्याच, उत्पन्न घटल्याचं दाखवावं लागायचं.

मला त्यांची रक्कम नको, ट्रेनिंग तर नकोच. घेण्यासारखं एवढंच की आकडा कायद्यात लिहिलेला होता, आणि भाव आयातीमुळे पडला का याचं उत्तर सरकारी खात्याला लेखी द्यावं लागायचं. आपल्याकडे भाव पडला की मागणी नाही, ओलावा जास्त, प्रत हलकी, अशी दहा कारणं. आयातीचं नाव कोणी घेत नाही.

कोणी म्हणेल, हमीभाव आहे ना. लांब धाग्याला २०२५-२६ चा ८,११० रुपये आहे, खरं. पण सीसीआयला १२ टक्क्यांवर ओलावा चालत नाही, आणि दिवाळीला पैसे पाहिजेत म्हणून खेड्यावरच व्यापाऱ्याला माल देणाऱ्याला त्या हमीभावाचा काय उपयोग?

म्हणून मागणी अशी पाहिजे: ज्या दिवशी शुल्क काढाल, त्याच दिवशी भावफरकाचं सूत्र जाहीर करा. पैसा कुठून, तर कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ शुल्क मे २०२५ मध्ये २० वरून १० टक्के केलं तरी ते १० वसूल होतंच आहे. त्यातला वाटा बाजूला काढा. त्या तेलाने आमच्या सोयाबीनचाही भाव दाबलाय.

कृषी पदवीधर मित्रांनी आपापल्या बाजार समितीचे कापूस, सोयाबीनचे मागच्या पाच वर्षांचे सरासरी भाव काढून इथे टाकावेत. ८० टक्क्यांची रेघ मारून बघू, गेल्या हंगामात आपण तिच्या वर होतो की खाली.