इंटर्नल इलियाक बंद करण्याआधी

पोटातील महाधमनीचा अ‍ॅन्युरिझम कॉमन इलियाकपर्यंत उतरला असेल, तर इंटर्नल इलियाकमध्ये कॉइल सोडून स्टेंट-ग्राफ्ट एक्स्टर्नलमध्ये उतरवणे आता आपल्या अंगवळणी पडले आहे. चालताना कुल्ला दुखेल, क्वचित मोठ्या आतड्याचा रक्तपुरवठा तुटेल, याची कल्पना आपण रुग्णाला देतो. पण ज्याची सायटिक धमनी जन्मतः टिकून राहिली आहे, त्याचा त्याच कॉइलने पाय जाऊ शकतो.

गर्भात पायाचे पोषण हीच धमनी करते. पुढे फिमोरल वाढते आणि ही आक्रसते; इन्फीरियर ग्लूटिअल, पॉपलिटिअल असे तिचे तुकडे मागे उरतात. ती टिकून राहिल्याचे वर्णन ग्रीन यांनी १८३२ मध्ये केले. अँजिओग्राफीच्या पाहण्यांत असे रुग्ण हजारी एकाहूनही कमी. पूर्ण प्रकारात ती इंटर्नल इलियाकपासून निघते, सायटिक नर्व्हच्या सोबतीने मांडीच्या मागून उतरते आणि थेट पॉपलिटिअल होते. सुपरफिशियल फिमोरल बारीक राहते, बहुधा गुडघ्यापर्यंत पोहोचतच नाही.

जांघेतली नाडी मंद आणि गुडघ्यामागची ठणठणीत, ही काउई यांची खूण पुस्तकात आहे. पण जांघेत नाडी लागली म्हणून निर्धास्त राहू नये. प्रोफंडाला रक्त देणारी कॉमन फिमोरल चांगली असू शकते. खरा पुरावा सीटीत असतो. इंटर्नल इलियाक एक्स्टर्नलपेक्षा जाड दिसली, की तिचा माग ग्रेटर सायटिक फोरामेनच्या बाहेरपर्यंत काढलाच पाहिजे. जांघेशी थांबलेला स्कॅन अशा वेळी अपुरा. तो गुडघ्याखालपर्यंत हवा.

निदान आधी झाले तर मार्ग आहेत. शरीररचना अनुकूल असेल तर शाखायुक्त इलियाक स्टेंट-ग्राफ्टने इंटर्नल इलियाक राखता येते. एक्स्टर्नल इलियाक अरुंद असेल तर मोठी शीथ जबरदस्तीने रेटण्यापेक्षा उघडी शस्त्रक्रिया बरी, आणि तिथेही ग्राफ्टची टोके फिमोरलला शिवून भागत नाही. इंटर्नल इलियाकचा प्रवाह राखावाच लागतो. सायटिक धमनीलाच कुल्ल्यात अ‍ॅन्युरिझम झाला असेल तर आधी फिमोरो-पॉपलिटिअल बायपास, मगच ती धमनी बंद करायची. हा क्रम उलटता येत नाही.

या दुर्मीळ जोडीवर मोठ्या चाचण्या कधीच होणार नाहीत. आपला आधार एकेका रुग्णाचे वृत्तांतच. असा रुग्ण तुम्ही हाताळला असेल तर चित्रांसह आम्हाला लिहा, आणि पाय वाचला नसेल तर अगत्याने लिहा.