तात्पर्य नको, मत हवं

सोयाबीनचा हिशेब बाजारात चुकता झाला, शेतात सीतादही होऊन कापसाच्या वेचणीला हात लागला, की यवतमाळ जिल्ह्यात दिवाळी येते. फराळासोबत अंकही येतात. ‘मासिक मनोरंजन’ने 1909 साली पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासूनचा हा परिपाठ. मुलांनाही त्यात वाटा मिळाला; बालभारतीचं ‘किशोर’ 1971पासून निघतं आहे. पण मुलांनी काय वाचावं, हे आजवर मोठ्यांनीच सांगितलं. जे वाचलं ते कसं वाटलं, हे त्यांना क्वचितच विचारलं गेलं.

म्हणून यंदा या दिवाळी अंकाची काही पानं आम्ही मुलांसाठी राखली आहेत. आवडलेल्या पुस्तकाबद्दल मनात येईल ते लिहायचं. अट एकच: पुस्तकातून काय बोध मिळाला, ते लिहायचं नाही.

ही अट मुद्दाम घातली. अलीकडे 15 ऑक्टोबरला शाळाशाळांत वाचन प्रेरणा दिन होतो, ‘महावाचन उत्सवा’त मुलांकडून अभिप्राय मागवले गेले. हे चांगलंच झालं. पण अभिप्राय म्हणताच पोरं परीक्षेला बसल्यासारखी लिहू लागतात: पुस्तक खूप छान आहे, त्यातून प्रामाणिकपणाची शिकवण मिळते. ही उत्तरपत्रिका झाली. पोहायला घाबरून लपलेल्या श्यामला आईनं मारत विहिरीकडे धाडलं, ते एखाद्या मुलीला पटलं नाही, तर तिनं तसं लिहावं. त्यानं सानेगुरुजींचा अपमान होत नाही. ‘श्यामची आई’ तिनं मनापासून वाचली, याचा तो पुरावा असतो. फुरसुंगीचा फास्टर फेणे आवडलेला पोरगा विचारू शकतो, की आमच्या टिपेश्वरच्या जंगलात असा कोणी का नाही? भा. रा. भागवतांना याहून मोठी दाद कोणती? आणि आपल्या लेखकांना याहून सरळ आव्हान तरी कोणतं?

मुलांच्या मताला वजन देणारी माणसं जगात आहेत. 1936मध्ये लंडनचे प्रकाशक स्टॅन्ले अन्विन यांनी एक हस्तलिखित आपल्या दहा वर्षांच्या मुलाला वाचायला दिलं आणि त्याच्या लेखी अभिप्रायासाठी एक शिलिंग मोजला. पाच ते नऊ वर्षांच्या सगळ्या मुलांना हे आवडेल, असं या दहा वर्षांच्या परीक्षकानं पोक्तपणे लिहिलं. पुढच्या वर्षी ते पुस्तक निघालं: टोल्किनचं ‘द हॉबिट’. जर्मनीच्या बालकुमार साहित्य पुरस्कारात 2003पासून किशोरवयीन वाचकांची स्वतंत्र परीक्षक समिती आहे. आपल्याकडे मात्र बालसाहित्याच्या पुरस्काराचं व्यासपीठ मोठ्यांनी भरलेलं असतं आणि मुलं स्वागतगीतापुरती येतात.

आपल्या जिल्ह्यात आणखी एक गाठ आहे, ती बोलीची. झरी जामणी, मारेगाव, केळापूर या भागातल्या कोलामपोडावरचं लेकरू घरी कोलामी बोलतं. पुसद, दिग्रसच्या तांड्यावर गोरमाटी चालते. बाकी बहुतेकांची वऱ्हाडी. पुस्तक प्रमाण मराठीत वाचलं, म्हणून त्याबद्दलचं मतही तिच्यातच सांगायचं, ही सक्ती कशाला? शुद्धलेखनाच्या धाकानं मूल गप्प बसतं आणि आपण म्हणतो, याला मतच नाही. या पानांवरची भाषा आम्ही ‘सुधारलेली’ नाही.

मत ऐकून घेणं सोपं नसतं, हे यवतमाळला वेगळं सांगायला नको. 2019च्या जानेवारीत इथे 92वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. उद्घाटनाचं लेखिका नयनतारा सहगल यांना दिलेलं आमंत्रण मागे घेतलं गेलं, त्याचे पडसाद देशभर उमटले. अखेर उद्घाटन केलं कळंब तालुक्यातल्या वैशाली येडे यांनी. शेतकरी नवऱ्याच्या आत्महत्येनंतर संसार ओढणाऱ्या या बाईंचं साधं बोलणं साहित्याच्या मांडवात सगळ्यांनी कान देऊन ऐकलं. नकोशा मताला दार लावण्याची घाई आणि अनपेक्षित तोंडून आलेल्या शब्दाची ताकद, दोन्ही आपण एकाच मांडवात पाहिलं. मुलांच्या बाबतीत यातलं काय उचलायचं, ते ठरवणं आपल्या हाती आहे.

गुरुजींना आणि बाईंना विनंती, की नोंदवहीत पुस्तकं कमी भरतील या भीतीनं कपाटाला कुलूप लावू नका. फाटलेलं पुस्तक वाचलेलं असतं. वाचनालयांच्या संचालक मंडळांनी यंदाच्या ग्रंथखरेदीआधी गावातल्या चार मुलांना बसवून त्यांची यादी मागावी. आईबाबांनी ‘काय शिकलास?’ याऐवजी ‘कुठं हसलास?’ असं विचारून पाहावं.

आणि बालवाचकांनो, या अंकातली मोठ्यांची एखादी कथा कंटाळवाणी वाटली, तर तसंही बेधडक कळवा. पुढच्या दिवाळीत तेही छापू.