निवडुंगाचा हिवाळा

वैशाखात ज्या जळगावचा पारा 45 अंशांची मर्यादा ओलांडतो आणि पौषात ज्या धुळ्याच्या कृषी महाविद्यालयात तो 5-6 अंशांपर्यंत उतरल्याचे वृत्त वरचेवर वाचावयास मिळते, त्या खानदेशच्या मुलखात गच्चीवर कोणते झाड लावावे, हा निर्णय सर्वस्वी रोपवाटिकेच्या मर्जीवर सोपवण्याजोगा नाही. थंडीला दाद न देणारी म्हणून प्रसिद्ध असलेली सेम्परव्हायव्हमसारखी मांसल पानांची रोपे मुळात युरोपातील डोंगरकपारींची रहिवासी; शार्लमेनच्या काळच्या एका फर्मानात माळ्याने ती आपल्या घरावर लावावी, अशी आज्ञा आहे. बर्फाखालीही ती तग धरतात खरी, परंतु आमच्या मे महिन्यापुढे त्यांचा निभाव लागणे कठीण. दोन्ही ऋतूंचा मारा मुकाट्याने सोसणारे झाड हवे असेल, तर माझे मत निःसंशय फड्या निवडुंगाला आहे.

मात्र त्याची निगा राखताना आपला केळीचा संस्कार आड येतो. रावेर-यावलकडील बागायतदार कडाक्याच्या रात्री बागेत धूर करतो, विहिरीचे कोमट पाणी सोडतो, आणि ते सर्वथैव योग्यच आहे. कारण पारा 10 अंशांखाली गेला की केळीची वाढ खुंटते. निवडुंगाचा शिरस्ता याच्या नेमका उलट. थंडीची चाहूल लागताच तो अंगातले पाणी कमी करतो आणि त्याचा रस शर्करेने व चिकट द्रव्याने दाट होतो. याच युक्तीवर त्याचा एक भाऊबंद कॅनडातील पीस नदीच्या परिसरातले हिमयुक्त हिवाळे काढतो. मार्गशीर्षात फडावर सुरकुत्या पडतात, तो किंचित लवतो, कडेला जांभळट झाक येते. ही त्याची तयारी असते. पण मालकाला ती तहान वाटते, दयेपोटी तो तांब्याने पाणी ओततो, आणि थंड, ओल्या मातीत निष्क्रिय पडलेली मुळे कुजून पंधरवड्यात बुंधा तपकिरी व पिळपिळीत होतो. दोष मात्र थंडीच्या माथी मारला जातो.

त्यातून आपली काळी माती! कापसाला वरदान ठरणारी ही माती पाणी धरून ठेवते, म्हणून कुंडीत ती नाममात्र घालून बाकी जाड वाळू व मुरूम भरावा. तोडलेला फड लगेच न लावता, कापलेला भाग सुकून त्यावर खपली धरेपर्यंत सावलीत पडू द्यावा. कार्तिक सरला की पाणी जवळजवळ बंद करावे, ते फाल्गुनातच पुन्हा सुरू करावे, आणि कुंडी सकाळचे ऊन लागेल अशा भिंतीच्या आश्रयाला ठेवावी. काटेरी झाडाने घरात कलह होतो म्हणणाऱ्यांना उत्तर देण्याची आवश्यकता मला वाटत नाही.

आवश्यकता आहे ती दुसऱ्या एका आक्षेपाला उत्तर देण्याची, कारण तो इतिहासाने दिलेला आहे. हे झाड मूळ अमेरिकेचे. कंपनी सरकारला त्यावर जगणारे, किरमिजी रंग देणारे कीटक हिंदुस्थानात पोसायचे होते. 1795 मध्ये ब्राझीलहून जो कीटक आणला तो उत्तम रंगाचा समजून आणला, निघाला हलक्या जातीचा, आणि रंगाचा व्यापार बुडाला. निवडुंग मात्र राहिला आणि त्याने पडीक जमिनी, गायराने व्यापली. अखेर 1926 मध्ये सिलोनमधून त्याच कुळातला दुसरा कीटक आणला गेला, तेव्हा काही वर्षांतच निवडुंगाच्या विस्तीर्ण राया भुईसपाट झाल्या. आजही फडावर या कीटकांचे कापसासारखे पांढरे ठिपके दिसतात. बोटाने चिरडले की बोट लालभडक होते. साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने ते पुसून काढावेत.

तेव्हा बांधावर निवडुंगाचे कुंपण पुन्हा उभारावे, या सूचनेशी मी सहमत नाही. या झाडाला कुंडीची हद्द असावी. छाटलेला प्रत्येक फड जमिनीला टेकताच मूळ धरू शकतो. म्हणून तो पांझरेच्या पात्रात किंवा गिरणेच्या काठी फेकू नका, उन्हात पूर्ण वाळवून मगच त्याची विल्हेवाट लावा.